लेव्ह वायगॉट्स्की : मुलाच्या उद्याचे मोजमाप

शिक्षक पात्रता परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला लेव्ह वायगॉट्स्की हे नाव ठाऊक असते. पियाजे, कोहलबर्ग आणि वायगॉट्स्की ही तीन नावे एका दमात पाठ केली जातात, चार पर्यायांतील एकावर खूण होते आणि परीक्षा संपताच पुस्तके माळ्यावर जातात. नावामागचा माणूस सहसा कुणाला भेटत नाही. आम्ही व्यवसायाने शिक्षक आणि अभ्यासाने इतिहासाचे विद्यार्थी; एखादा सिद्धांत कोणत्या गावात, कोणत्या घरात आणि कोणत्या बंद दारासमोर जन्माला आला हे पाहिल्यावाचून तो आम्हांला पुरता कळत नाही. शिवाय आपल्यासारख्या निवासी विद्यालयात येणाऱ्या कित्येक मुलांच्या आधी त्यांच्याविषयीचा शेरा येऊन पोहोचलेला असतो : गणितात कच्चा, वाचता येत नाही, डोके चालत नाही. अशा शेऱ्याला कितपत किंमत द्यायची, या प्रश्नाचा या माणसाने मुळापासून विचार केला. म्हणून स्मरणिकेसाठी आम्ही त्यांचे चरित्र निवडले.

१८९६ च्या नोव्हेंबर महिन्यात रशियन साम्राज्यातील ऑर्शा या गावी एका ज्यू कुटुंबात लेव्ह यांचा जन्म झाला. आज हे गाव बेलारूसमध्ये आहे. लवकरच कुटुंब गोमेल या शहरी येऊन स्थायिक झाले. वडील बँकेत अधिकारी होते. आई शिक्षिका होण्याचे शिक्षण घेतलेली, अनेक भाषा जाणणारी. मात्र आठ अपत्यांच्या संगोपनातच तिचे आयुष्य गेले. घरात पुस्तके होती, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळी सगळ्यांनी मिळून बोलायची रीत होती. (रशियन उच्चार विगोत्स्की असा काहीसा होतो; आपल्याकडील अध्यापक विद्यालयांत रुळलेले वायगॉट्स्की हेच रूप आम्ही ठेवले आहे. घराण्याच्या आडनावात मुळात ‘द’ होता, तो बदलून त्यांनी ‘त’ केला.)

झारच्या राजवटीत ज्यूंनी कुठे राहावे याची हद्द कायद्याने आखून दिलेली होती. साम्राज्याच्या पश्चिमेकडील ठरावीक प्रांतांबाहेर, मॉस्को किंवा पीटर्सबर्गसारख्या शहरांत, खास परवान्यावाचून त्यांना राहता येत नसे. गोमेल या हद्दीच्या आतले शहर. गावकुसाबाहेरचे जिणे ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या काढले त्यांना अशा हद्दीचा अर्थ फोड करून सांगायला नको. १९०३ साली गोमेलमधील ज्यूंवर जमावाने हल्ला केला. तेथील ज्यू तरुण प्रतिकारासाठी उभे राहिले, तर पुढे हल्लेखोरांबरोबर त्यांच्यावरही खटला भरण्यात आला. १९०६ साली पुन्हा हल्ला झाला. पहिल्या वेळी लेव्ह सात वर्षांचेही नव्हते.

प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. सॉलोमन अश्पिझ नावाचे शिक्षक त्यांना शिकवीत. उत्तर सांगण्यापेक्षा प्रश्नामागून प्रश्न विचारून विद्यार्थ्याला स्वतःच्या विचारातील चूक दिसू द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. हे शिक्षक जगाला ठाऊक नाहीत, पण मोठ्या माणसाशी बोलता बोलता मुलाचा विचार कसा घडतो याचा पहिला पाठ लेव्ह यांना तेथेच मिळाला असावा असे आम्हांला वाटते. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांनी मित्रांचे एक अभ्यासमंडळ चालविले. विषय होता ज्यूंचा इतिहास. आपण कोण आणि आपल्या समाजाची ही अवस्था का, हा प्रश्न त्या वयात पडणे आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावेसे वाटणे, हे आंबेडकरी घरांतील तरुणांना परके वाटणार नाही.

१९१३ साली ते सुवर्णपदक मिळवून शाळेतून उत्तीर्ण झाले. मॉस्को आणि पीटर्सबर्ग येथील विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांसाठी तीन टक्क्यांची मर्यादा होती. वाचकांनी येथे गल्लत करू नये. आपल्या राज्यघटनेतील आरक्षण वंचितांना आत येण्यासाठी दार उघडते. ही टक्केवारी त्याच्या नेमकी उलट, वंचितांपैकी किती जणांनंतर दार लावून घ्यायचे हे सांगणारी होती. सुवर्णपदक असेल तर त्या तीन टक्क्यांत जागा मिळण्याची बरीच खात्री असे. परंतु त्यांच्या परीक्षा चालू असतानाच सरकारी आदेश निघाला की, यापुढे ज्यू विद्यार्थ्यांची निवड गुणवत्तेवर न होता चिठ्ठ्या टाकून होईल. हुशार ज्यू तरुण आत येऊ नयेत यासाठीची ही युक्ती होती. लेव्ह यांनी आशा सोडली होती. ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मॉस्कोहून तार आली : चिठ्ठी त्यांच्या नावाची निघाली होती. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला १९१३ हा आकडा दोन ठिकाणी दिसला की तो नोंदविल्यावाचून राहवत नाही.

त्यांचा ओढा साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञानाकडे होता. परंतु ते विषय घेऊन पदवीधर झालेल्याला मुख्यतः सरकारी शाळेत शिक्षक व्हावे लागे, आणि ज्यू माणसाला ती नोकरी मिळत नसे. आईवडिलांच्या आग्रहाने त्यांनी वैद्यकशास्त्रात नाव घातले आणि महिन्याभरात ते कायद्याकडे वळले; वकील झालेल्या ज्यूला हद्दीबाहेर राहण्याची मुभा मिळे. मनाची भूक भागविण्यासाठी त्यांनी त्याच शहरातील शान्याव्हस्की लोकविद्यापीठातही अभ्यास केला. या संस्थेच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती, मात्र तेथे धर्म विचारला जात नसे, आणि १९११ साली सरकारी दडपशाहीच्या निषेधार्थ मॉस्को विद्यापीठातून बाहेर पडलेल्या प्राध्यापकांपैकी काही तेथे शिकवीत होते. शेक्सपिअरच्या हॅम्लेटवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९१७ साली शिक्षण संपले, त्याच वर्षी झारशाही कोसळली आणि वस्तीची हद्दही रद्द झाली. ज्याला सरकारी शाळेत शिक्षक होता येत नव्हते तो तरुण गोमेलला परतला आणि शिक्षक झाला.

गोमेलमधील सात वर्षे हलाखीची होती. आधी जर्मन सैन्याचा ताबा, मग यादवी युद्ध, उपासमार. एक धाकटा भाऊ क्षयाने गेला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या लेव्ह यांनाही १९२० साली क्षयाने गाठले. या आजाराने पुढची चौदा वर्षे त्यांची पाठ सोडली नाही. त्या काळात ते शाळांतून साहित्य शिकवीत, नाटकांवर लिहीत, आणि शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात मानसशास्त्र शिकवीत. तेथे त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळाही उभी केली. मानसशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

१९२४ च्या जानेवारीत पेट्रोग्राड येथे मानसशास्त्र व मज्जाशास्त्राच्या अभ्यासकांची परिषद भरली. त्या काळी रशियात प्रतिक्षिप्त क्रियांचा सिद्धांत जोरात होता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते या पाव्हलोव्हच्या प्रयोगांवरून माणसाचेही सर्व वर्तन उलगडेल अशी अनेकांची खात्री होती. गोमेलच्या या अपरिचित शिक्षकाने तेथे उभे राहून मांडले की, माणसाची जाणीव वगळून माणसाचे मानसशास्त्र होऊ शकत नाही. श्रोत्यांत एकवीस वर्षांचे अलेक्झांडर लुरिया होते. त्यांनी खटपट करून या वक्त्याला मॉस्कोच्या मानसशास्त्र संस्थेत बोलावून घेतले. लेव्ह आणि त्यांची पत्नी रोझा यांचा संसार संस्थेच्या तळघरातील एका खोलीत सुरू झाला. लुरिया, अलेक्सी लिओन्तिएव्ह आणि वायगॉट्स्की यांनी पुढील दहा वर्षांत जे काम केले त्याचा आवाका पाहता, त्यातील बराच काळ एक जण अंथरुणाला खिळलेला होता यावर विश्वास बसत नाही.

त्यांच्या विचाराचे बीज सोपे आहे. तान्हे मूल दूरच्या वस्तूकडे हात पुढे करते. वस्तू हाती येत नाही. आई ते पाहते आणि वस्तू देते. काही काळाने मुलाचा हात वस्तूसाठी न पसरता आईसाठी पसरतो. पकडण्याची फसलेली धडपड ही दाखविण्याची खूण होते. त्या खुणेला अर्थ प्रथम आईने दिला आणि मग तो मुलाचा झाला. वायगॉट्स्कींच्या मते माणसाची प्रत्येक उच्च मानसिक शक्ती अशीच दोनदा प्रकट होते : आधी दोन माणसांच्या दरम्यान आणि नंतर त्या एकाच्या मनात. आठवण राहावी म्हणून माणूस रुमालाला गाठ मारतो. आपल्या आजी पदराला मारीत. ती गाठ हे मनाचे अवजार आहे. कुदळ जमिनीवर चालते, गाठ स्वतःच्या मनावर चालते. शब्द, आकडे, लिपी, नकाशे ही सगळी अशी अवजारे आहेत, आणि ती कुणीही एकट्याने घडविलेली नाहीत. तेव्हा ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या हातून काय काढून घेतले गेले याचा हिशेब या सिद्धांताच्या आधारे अधिक काटेकोरपणे मांडता येतो. हा पुढचा निष्कर्ष आमचा आहे. त्यांनी भारताविषयी लिहिलेले नाही.

भाषेविषयी त्यांचा जाँ पियाजे यांच्याशी वाद झाला. दोघेही १८९६ सालचे. त्यांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. लहान मूल खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलते, हे पियाजेंनी टिपले होते. मूल अजून दुसऱ्याच्या दृष्टीने पाहू शकत नाही म्हणून असे बोलते आणि वाढत्या वयात हे बोलणे विरून जाते, असा त्यांचा त्या वेळचा निष्कर्ष होता. वायगॉट्स्कींनी प्रयोगात मुलांपुढे मुद्दाम अडचण उभी केली. चित्र काढायला बसलेल्या मुलाला नेमकी हवी ती रंगीत पेन्सिल सापडू नये अशी व्यवस्था केली. स्वतःशी बोलण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. याचा अर्थ मूल त्या बोलण्याच्या आधाराने मार्ग शोधत होते. आणि शाळेच्या वयात ते बोलणे नाहीसे होत नाही, आत जाते. आपण ज्याला मनातल्या मनात विचार करणे म्हणतो ते हेच. वर्गात पुटपुटत गणित सोडविणाऱ्या मुलाला गप्प बस म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा.

यादवी युद्धानंतर रशियाच्या रस्त्यांवर लाखो अनाथ, बेघर मुले भटकत होती. मूकबधिर, अंध आणि मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांची व्यवस्था लावण्याचे काम शिक्षण खात्यापुढे होते, आणि १९२४ पासून वायगॉट्स्की या कामात गुंतले. १९२५ साली मूकबधिरांच्या शिक्षणावरील परिषदेसाठी ते लंडनला जाऊन आले; आयुष्यातला हा त्यांचा एकमेव परदेश प्रवास. आमच्या मते त्यांचे सर्वांत माणुसकीचे लेखन या क्षेत्रातले आहे. जन्मांध मुलाला काळोख जाणवत नाही, कारण उजेड त्याने पाहिलेलाच नसतो. आपण अंध आहोत हे त्याला कळते ते भोवतालच्या माणसांच्या वागण्यातून. शरीरातील उणीव ही पहिली उणीव; समाजाने त्या मुलाला कामातून, खेळातून, बोलण्यातून वगळल्यामुळे निर्माण होते ती दुसरी. पहिलीवर वैद्याचा इलाज चालला नाही तरी दुसरीवर शिक्षकाचा चालतो. ब्रेल लिपीत बोटांनी वाचणारा मुलगा वाचतोच. वाट निराळी, मुक्काम तोच. म्हणून अशा मुलांना केवळ आपल्यासारख्यांच्यात कोंडून ठेवण्यास त्यांचा विरोध होता. निरनिराळ्या कुवतीच्या मुलांनी एकत्र असण्यानेच वाढ होते, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

मध्यंतरी १९२५ च्या अखेरीस क्षयाने उचल खाल्ली आणि ते कित्येक महिने रुग्णालयात होते. डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत सांगितली होती. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी मानसशास्त्रापुढील पेचावर एक मोठे हस्तलिखित लिहून काढले. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही.

आता त्या शेऱ्याकडे येऊ. आल्फ्रेड बिने यांनी फ्रान्समध्ये रचलेल्या चाचण्यांच्या धर्तीवर मुलांचे मानसिक वय काढण्याची पद्धत रशियातही रूढ झाली होती. मूल एकट्याने जेवढे प्रश्न सोडवील त्यावरून ते वय ठरे. कुणी मदत केली तर उत्तर बाद. वायगॉट्स्कींनी या गृहीतावरच बोट ठेवले. समजा, दोन मुलांचे मानसिक वय चाचणीने आठ वर्षे ठरले. चाचणी येथे थांबते. त्यांनी पुढे पाहायला सांगितले. शिक्षकाने एखादा सूचक प्रश्न विचारावा, पहिली पायरी करून दाखवावी, आणि मग काय होते ते पाहावे. अशा साहाय्याने एक मूल बारा वर्षांच्या मुलांसाठीचे प्रश्न सोडविते आणि दुसरे नऊ वर्षांपर्यंतच पोहोचते. तर ही दोन मुले सारखी कशी? मूल एकट्याने जेथवर जाते आणि जाणत्याच्या सोबतीने जेथवर जाते, त्यांमधील अंतराला त्यांनी नाव दिले निकट विकासाचे क्षेत्र. पहिल्या मुलाचे ते क्षेत्र चार वर्षांचे, दुसऱ्याचे एका वर्षाचे. पिकलेली फळे तेवढी मोजून बागेची परीक्षा करू नये, अशा आशयाचा दृष्टांत ते देत.

येथे एक शंका घेतली जाते. मदत मिळाल्यावर कुणीही उत्तर देईल, त्यात मुलाचे काय? त्याचे समाधान त्यांनी केलेले आहे. मदतीनेही प्रत्येकाला सर्व काही जमत नाही. ज्याला बेरीज येत नाही त्याच्यासमोर बीजगणिताचे उदाहरण दहा वेळा सोडवून दाखविले तरी ते त्याला उचलता येणार नाही. मूल जे उचलू शकते ते त्याच्या आत अंकुरलेले असते, म्हणूनच उचलते. शिक्षकाने त्या अंकुरावर काम करायचे असते. मूल पक्व होईपर्यंत थांबा आणि मग शिकवा, हे मत त्यांना अमान्य होते. चांगले अध्यापन विकासाच्या एक पाऊल पुढे चालते आणि त्याला ओढून नेते, असे त्यांचे म्हणणे. यासाठी ते जो रशियन शब्द वापरतात त्यात शिकणे आणि शिकविणे या दोन्ही क्रिया एकत्र आहेत. इंग्रजीत त्याचे भाषांतर करताना अनुवादक अडखळतात. मराठीत शिकणे आणि शिकवणे एकाच धातूपासून येतात, त्यामुळे आपल्याला ते सहज कळावे. निवासी विद्यालयात सायंकाळच्या अभ्यासिकेत नववीची मुलगी सहावीच्या मुलीजवळ बसून अपूर्णांक समजावते, तेव्हा जे घडते ते हेच आहे. परीक्षेच्या गुणपत्रकात त्याला रकाना नाही.

या कल्पनेवर त्यांना फार काळ काम करता आले नाही. ती त्यांच्या अखेरच्या दीड-दोन वर्षांतील व्याख्यानांत आणि लेखांत येते. ते क्षेत्र मोजण्याची तयार रीत त्यांनी मागे ठेवलेली नाही.

त्यांच्या विचारातील एका बाजूकडे मात्र आम्ही डोळेझाक करू इच्छित नाही. १९३१ आणि १९३२ साली लुरिया उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करण्यास गेले. योजनेत वायगॉट्स्कींचा वाटा होता. प्रकृतीमुळे ते जाऊ शकले नाहीत. शेतकऱ्यांना विचारले गेले : अतिउत्तरेस, जेथे बर्फ असते, तेथील सर्व अस्वले पांढरी असतात, अमुक ठिकाण अतिउत्तरेस आहे, तर तेथील अस्वलांचा रंग कोणता? आपण तेथे गेलो नाही, पाहिले नाही, मग कसे सांगणार, अशा अर्थाची उत्तरे आली. याचा अर्थ केवळ शब्दांवरून अनुमान काढण्याची पायरी त्यांनी अजून गाठली नाही, असा लावला गेला. थोडेफार शालेय शिक्षण झालेले किंवा सामूहिक शेतीच्या कामात आलेले लोक अपेक्षित उत्तर देत, हेही त्यांत आढळले; म्हणजे फरक रक्तात नव्हता, संधीत होता, आणि ही गोष्ट मोलाची आहे. तरीही सर्व मानवजात एकाच शिडीवर चढते आणि त्या शिडीचा वरचा टोक म्हणजे युरोपीय शाळेतील तर्क, हे गृहीत त्यात आहे. न पाहिलेल्या गोष्टीविषयी साक्ष न देणारा शेतकरी आम्हांला विचारहीन वाटत नाही. ज्या समाजांना मागास हा शब्द दुसऱ्यांनी चिकटविला, त्यांच्या शिक्षकाने वायगॉट्स्कींची ही पाने सावधपणेच वाचावीत. सोव्हिएत अधिकाऱ्यांनीही या अभ्यासावर टीका केली, ती अल्पसंख्य जनसमूहांचा अवमान केल्याच्या आरोपाने, आणि तिच्यामागची कारणे राजकीय होती. लुरियांचे त्यावरील पुस्तक १९७४ पर्यंत निघू शकले नाही.

१९३० नंतर स्टालिनच्या राजवटीचा फास आवळत गेला. सहकारी खारकोव्हला निघून गेले. वायगॉट्स्की मॉस्को आणि लेनिनग्राड यांच्यामध्ये ये-जा करीत व्याख्याने देत राहिले. १९३४ च्या मे महिन्यात त्यांना रक्ताची उलटी झाली. विचार आणि भाषा या विषयावरील आपल्या ग्रंथाचे अखेरचे प्रकरण त्यांनी आजारपणात तोंडी सांगून लिहवून घेतले. ११ जून १९३४ रोजी मॉस्कोजवळील आरोग्यधामात त्यांचे निधन झाले. वय ३७. मागे पत्नी आणि दोन लहान मुली. ग्रंथ त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेर पडला.

दोन वर्षांनी, ४ जुलै १९३६ रोजी, पक्षाच्या मध्यवर्ती समितीने मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या संपूर्ण शास्त्रशाखेवर बंदी घालणारा ठराव केला. या चाचण्यांमुळे कामगार-शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत धाडली जातात, असा ठरावातील आरोप होता, आणि तो सर्वस्वी खोटाही नव्हता. अशा मोजमापातील दोष वायगॉट्स्कींनीच दाखवून दिला होता; तरी त्याच ठरावाखाली त्यांची पुस्तके ग्रंथालयांतून काढून घेतली गेली. वीस वर्षे त्यांचे लेखन छापले गेले नाही. १९५६ साली, स्टालिनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, ते पुन्हा प्रसिद्ध होऊ लागले. १९६२ साली विचार आणि भाषा या ग्रंथाचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद निघाला; त्याला जेरोम ब्रूनर यांची प्रस्तावना होती. बांधकामाच्या परांचीची उपमा आपल्या प्रशिक्षण पुस्तकांत सर्रास वायगॉट्स्कींच्या नावावर खपते; ती १९७६ साली ब्रूनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अध्यापनासाठी योजली, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे.

बंदीच्या वर्षांत कागदपत्रे रोझा यांनी घरात सांभाळली. थोरली मुलगी गीता हिने पुढे वडिलांच्याच क्षेत्रात काम केले. १९८२ ते १९८४ या काळात मॉस्कोत समग्र लेखनाचे सहा खंड निघाले, आणि १९२६ साली रुग्णालयाच्या खाटेवर लिहिलेले ते हस्तलिखित त्यांतील पहिल्या खंडात छापले गेले.